पाठ नसलेला देव्हारा

सुजित भर सभेत रडला, आणि अनुयाला आपला चेहरा कसा ठेवावा ते कळेना. अंबरनाथच्या त्या हॉटेलात दर बुधवारी सकाळी धंद्यातली माणसं जमत. कुणी खोके बनवणारा, कुणी एमआयडीसीत व्हॉल्व्हचा कारखाना चालवणारी, कुणी विमा विकणारा, कुणी लग्नाचे हॉल सजवणारा. एकमेकांना गिऱ्हाइकं सुचवायची, इडली-उपमा खायचा आणि शेवटी कृतज्ञतेची फेरी. त्या फेरीत प्रत्येकानं उभं राहून ह्या आठवड्यात कुणाचे आभार मानावेसे वाटले ते सांगायचं असे. अनुया नेमकी त्याच वेळी दुसरा चहा आणायला उठायची. आभारांची अशी रांग लागली की तिला गुदमरल्यासारखं व्हायचं. त्या दिवशी ती खुर्ची मागे सारणार तोच चामटोलीचा सुजित उभा राहिला. सुजित म्हणजे बदलापूरच्या पलीकडे प्लॉट पाडून विकणारा, गळ्यात जाड साखळी घालणारा, स्वतःच्या विनोदाला सगळ्यांच्या आधी हसणारा माणूस. तो म्हणाला, आज मला अनुयामॅडमचे आभार मानायचेत. आणि पुढचं बोलता बोलता त्याचा आवाज फुटला.

त्यानं सांगितलं ते असं. गेल्या वर्षी त्याचे वडील दौलतराव गेले. तेव्हापासून त्याची आई, कौसाबाई, बोलेनाशी झाली. जेवायची, झोपायची, कुणी काही विचारलं तर मान हलवायची, पण तोंडातून शब्द नाही. डॉक्टर झाले, देवर्षी झाले, घरात सप्ताह बसवून झाला. मग दिवाळीला उल्हासनगरहून अनुयामॅडमच्या कारखान्यातला देव्हारा घरी आणला, आणि काही दिवसांनी आई दुपारी जाऊन त्याच्यापुढे बसायला लागली. बसता बसता पुटपुटायला लागली. आता रोज बसते, तास तास बोलते देवाशी. ‘आई बोलायला लागली, मॅडम,’ एवढं म्हणून तो खाली बसला आणि त्यानं कागदी रुमालात तोंड लपवलं. टाळ्या झाल्या. व्हॉल्व्हवाल्या बाईंनी डोळे पुसले. कुणीतरी विचारलं, मॅडम, तो देव्हारा करताना तुमच्या मनात काय होतं? अनुयाच्या तोंडून सवयीनं वाक्य निघून गेलं, ‘आपण नुसते हात, करणारा तो.’ हे वाक्य तिच्या कारखान्यातल्या भागीदाराचं, ठाकूरदासजींचं होतं. गिऱ्हाइकापुढे ते कधी फुकट जात नसे. पुन्हा टाळ्या झाल्या, आणि अनुयाच्या जिभेवर पित्तासारखं कडू काहीतरी आलं.

कारण तोवर तिच्या लक्षात आलं होतं की हा कुठला देव्हारा. सुजितनं आपल्या सँपल फ्लॅटसाठी नेले होते ते सगळे चकचकीत होते, कोरियन नावाच्या पांढऱ्या कृत्रिम दगडाचे, मागे निळा दिवा, मशीननं कापलेला ॐ. त्यांतला एकही त्यानं स्वतःच्या घरी नेला नव्हता. घरी नेलेला वेगळा होता, सागवानी. तो ठाकूरदासजींनी त्याला वर भर म्हणून दिला होता. तो अनुयाचा होता. म्हणजे विकायला ठेवलेले सगळे तिच्याच हाताखालून जात, पण हा एकच तिचा होता. आर्ट स्कूलला असताना ती अंबरनाथच्या जुन्या शिवमंदिरात जाऊन बसायची. सगळे जण बाहेरची शिल्पं काढायचे. ही पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जायची आणि वर बघत राहायची, कारण तिथे वर छत नव्हतं. दगडाच्या एवढ्या मोठ्या जडशीळ कामाच्या पोटात जाऊन पोचावं आणि तिथे एकदम आभाळ दिसावं, ह्या गोष्टीनं तिला वेड लावलं होतं. ज्यानं कुणी ते केलं त्याला तिथे थांबायचं कसं सुचलं असेल? झाकून टाकण्याचा मोह त्यानं कसा आवरला असेल? त्यानंतर कित्येक वर्षांनी, जाहिरात कंपनीतली नोकरी सोडून उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात आल्यावर, तिनं तो देव्हारा केला. साधा, ठेंगणा, दोन खांबांचा, आणि पाठीमागे काहीच नाही. देव ठेवला की देवाच्या मागे ज्या घरात तो असेल त्या घराची खिडकी दिसावी, झाड दिसावं, वाळत टाकलेली चादर दिसावी. नकाशा काढला नव्हता. लाकूड पुढे घेऊन, हातानं चाचपत, मिस्त्रीशी वाद घालत केला होता. तो दुकानात आला आणि येणारा प्रत्येक जण विचारू लागला, ‘पीछे का कहाँ है? लगना बाकी है क्या?’ हळूहळू तो कोपऱ्यात सरकला. मग त्यावर चादर आली. मग त्याच्यात लॅमिनेटच्या नमुन्यांचे गठ्ठे राहू लागले. आणि एक दिवस ती कारखान्यात आली तेव्हा कोपरा रिकामा होता. ठाकूरदासजी खुशीत म्हणाले, ‘जगह हो गई, बेटा.’ अनुया ‘बरं झालं’ म्हणाली होती.

ते ‘बरं झालं’ तिला आता, हॉटेलातून बाहेर पडताना, आठवलं आणि स्वतःचीच शिसारी आली. पण शिसारीला वेळ नव्हता. जिन्यातच एका बिल्डरनं तिला गाठलं. बदलापूरला त्याचा मोठा टॉवर उभा राहत होता. त्याला तोच देव्हारा हवा होता, सुजितच्या आईचा, प्रत्येक फ्लॅटमध्ये एक. ब्रोशरवर आईचा फोटो, हात जोडलेला, आणि खाली गोष्ट. तो म्हणाला, आजकाल लोकांना जिम नको, स्विमिंग पूल नको, मनःशांती पाहिजे. अनुयानं ठाकूरदासजींना फोन केला तर त्यांना बातमी आधीच पोचलेली. ते म्हणाले, आजच चामटोलीला जा, माप घेऊन ये, फोटोही काढून आण. नकाशा नसल्याचं त्यांना माहीत होतं. मग थोडं थांबून, हळव्या आवाजात म्हणाले, ‘देख, बेटा, तेरी चीज़ थी. मैं बोलता था ना, ऊपरवाला टाइम से देता है.’ ते तसं कधीही बोलले नव्हते. ते म्हणाले होते की ह्याला कुत्रंसुद्धा विचारणार नाही. पण ते आता त्यांना आठवत नव्हतं, आणि ते खोटं बोलत नव्हते हेच जास्त त्रासदायक होतं.

बदलापूर स्टेशनबाहेर तिनं चामटोलीची रिक्षा केली. ठाकूरदासजींवर चिडणं तिला कधी जमलंच नव्हतं. तिचे वडील श्रीपाद अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात अधिकारी होते. ते गेले त्या वर्षी ती चित्रांची गुंडाळी काखोटीला मारून उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या त्या कारखान्यात शिरली होती, ओळख ना पाळख. ठाकूरदासजींनी चित्रं उलटसुलट पाहिली, त्यांना काही कळली नाहीत, आणि तसं ते सरळ म्हणालेही. मग उठून त्यांनी स्वतःच्या हातानं एक टेबल रिकामं केलं, फडक्यानं भुसा पुसला आणि खुर्ची पुढे केली. त्या फडक्यानं तिला कायमचं बांधून टाकलं. त्यानंतर ज्या ज्या वेळी तिला नाही म्हणायचं असे, निळ्या दिव्याला नाही, आरशाच्या ॐला नाही, इंटरनेटवरून उचललेल्या राजस्थानी महिरपीला नाही, त्या त्या वेळी तिच्या डोळ्यांपुढे तो पुसणारा हात यायचा आणि जीभ टाळूला चिकटायची. ठाकूरदासजी कधी उपकार काढून दाखवत नसत. ते फक्त म्हणत, ‘मैंने कभी गिनाया क्या?’ आणि तेवढ्यानं सगळे मोजून व्हायचे. पुढे त्यांनी तिला भागीदार केलं. दारावर तिचं नाव लावलं. रोज सकाळी मशीन सुरू होण्याआधी सिंध्यांच्या देवाच्या, झुलेलालच्या तसबिरीपुढे उभं राहून ते सगळ्यांसाठी मागणं मागत, आणि त्यात तिचं नाव घेत, तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. अशा माणसाविरुद्ध काय बोलणार? घरी आईसमोर, मालिनीबाईंसमोर, तोंड उघडायची सोय नव्हती. मालिनीबाईंच्या अंगी आभार असे मुरले होते की नळाला पाणी आलं तरी त्या बारवी धरणाच्या दिशेला तोंड करून हात जोडत. पाणी दोन दिवसांनी, तेही गढूळ आलं, तरी जोडत. अनुया कुरकुरली की म्हणत, ‘ज्यानं टेबल दिलं त्याला नावं ठेवू नयेत. अन्नाला जागावं.’ अनुया जागत आली होती. जागून जागून तिच्या डोळ्यांत खुपायला लागलं होतं.

देवाचं म्हणाल तर तो तिच्या हातून कधी निसटला हे तिलाही सांगता आलं नसतं. मिठाईवाल्याचं मिठाईवरून मन उडतं तसं काहीसं झालं असावं. दिवसभर देवासाठी घरं करायची, त्यांची रुंदी, उंची, ड्रॉवर, उदबत्तीच्या राखेची सोय, आणि संध्याकाळी वालधुनी नदीच्या पुलावरून येताना केमिकलच्या वासानं नाक दाबून धरायचं. ह्या सगळ्यात एके काळी गाभाऱ्यात उभी राहून वर बघणारी मुलगी कुठे गेली ते कळलं नाही. ती काही भक्तीनं बघत नव्हती. पण जे होतं त्याला दुसरा शब्दही नव्हता.

आणि आता रिक्षा बदलापूर मागे टाकून शेतांच्या बाजूनं निघाली तशी तिच्या मनात एक आशा डोकं वर काढू लागली. तिची तिला लाज वाटत होती, तरी ती दाबली जाईना. समजा, खरंच तसं असलं तर? त्या बाईच्या छातीवर बसलेलं काहीतरी त्या मोकळ्या पाठीतून निघून गेलं असलं तर? देवाच्या मागे तिला खिडकीतून शेत दिसलं असेल, वारा आला असेल, आणि तिला वाटलं असेल की बोललं तर पलीकडे जाईल. हे होऊ शकतं. अंबरनाथला ते तिला स्वतःला झालं होतं. म्हणजे जी एक गोष्ट तिनं कुणालाही न विचारता केली, तीच बरोबर पोचली. टॉवरमधल्या प्रत्येक घरात ती जाईल. भलत्या कारणानं का होईना, जाईल. कित्येक वर्षांत पहिल्यांदा तिला कुणाचे तरी आभार मानावेसे वाटले, आणि कुणाचे मानावेत ते सुचेना, म्हणून उतरताना तिनं रिक्षावाल्याला सुट्टे परत देऊ नका म्हणून सांगितलं.

सुजितचा बंगला नवा होता, पिवळा, वर पाण्याच्या टाकीला फुटबॉलचा आकार दिलेला. ओटीवर जमिनीच्या कामाला आलेली माणसं बसली होती. हॉलमध्ये दौलतरावांचा माणसाच्या उंचीचा फोटो, त्याला चंदनाचा हार, आणि कोपऱ्यात गुंडाळून उभा केलेला श्रद्धांजलीचा फ्लेक्स. सुजितची बायको किर्ती हसतमुख होती. ती म्हणाली, हे साइटवर गेलेत, येतीलच, तोवर तुम्ही बघून घ्या, सासूबाई आत्ताच जेवून आडव्या झाल्यात. तिनं आतल्या खोलीचं दार लोटलं.

देव्हारा होता. दोन्ही खांब होते, लाकडाला तोच मधाचा रंग होता. आणि मागे, जिथे काहीच नव्हतं तिथे, आरशाच्या अॅक्रिलिकची पाठ बसवली होती. तिच्यावर सोनेरी ॐ होता आणि कडेनं निळा दिवा फिरवलेला होता. ती पाठ अनुयाच्याच कारखान्यातली होती. तिनंच तो नमुना ठरवला होता. आरशात तिला देवांच्या पाठी दिसल्या आणि त्यांच्यामागे हातात टेप घेतलेली एक बाई दिसली.

तिला राग आला, सुजितचा. गळ्यात साखळी घालणाऱ्या माणसाला मोकळी जागा बघवतच नाही. ती भरायची, चमकवायची, तिच्यावर प्लॉट पाडायचे. तिनं टेप लावला, उंची बघितली, आकडा डोक्यात राहिना, पुन्हा लावला. हे कुणी केलं, असं तिनं किर्तीला विचारलं तेव्हा आवाज तिला वाटला त्याहून तिखट निघाला. किर्ती गोंधळली. उत्तर मागून आलं. दारात कौसाबाई उभी होती. बुटकी, काटक, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेली, डोळे टक्क उघडे.

‘मीच लावाया सांगितलं,’ ती म्हणाली. ‘त्याला पाठच नव्हती. मागून उंदीर यायचं नि निवद पळवायचं.’

किर्तीनं ओळख करून दिली, ह्याच त्या मॅडम, ज्यांनी आपला देव्हारा केला. कौसाबाईनं अनुयाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि किर्तीला चहा टाकायला पाठवलं. ती गेल्यावर दार लोटून घेतलं. बोलत नसलेली बाई अशी असेल असं अनुयाला वाटलं नव्हतं. तिनं पिशवीतून फोन काढला आणि अडखळत सांगितलं की ब्रोशरसाठी एक फोटो हवाय, तुम्ही इथे बसलेल्या, हात जोडलेल्या. आणि मग, काम म्हणून नव्हे, स्वतःसाठी म्हणून विचारलं, की तुम्हाला इथे बसून बोलावंसं कशामुळे वाटलं? देव्हाऱ्यामुळे?

कौसाबाई पाटावर बसली. तिनं पदरानं समईचं तेल पुसलं. ‘तू सुजितला नाय ना सांगनार?’ असं तिनं विचारलं, आणि अनुयाची मान हललेली पाहून सांगायला लागली. ती देवाशी बोलत नव्हती. ती नवऱ्याशी भांडत होती. उभ्या संसारात त्याच्याशी भांडायची सोय नव्हती, कारण दौलतराव हे गावातलं मोठं प्रस्थ. घरात सदा चार माणसं बसलेली. त्यानं तिला कधी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, लुगड्याला कमी केलं नाही. पण तिची म्हैस तिला न विचारता बाजारात नेली. तिच्या बापाच्या तेराव्याला तिला पाठवलं नाही, भातलावणी आहे म्हणून. दारातला रायवळ आंबा गाडी लावायला जागा हवी म्हणून तोडला, आणि ती माहेरी गेलेली असताना तोडला. असं एकेक. तो गेला तर त्यातलं सगळं तिच्या अंगावर येऊन पडलं. आणि येणारं प्रत्येक माणूस सांगू लागलं, केवढा देवमाणूस, तुझ्यासाठी काय नाही केलं, उपकार मान. हॉलमध्ये त्याचा एवढा फोटो. तिथे ती तोंड उघडणार कशी? म्हणून तिनं ते बंदच ठेवलं. उघडलं असतं तर भलतंच बाहेर पडलं असतं.

‘मंग हा आला,’ तिनं देव्हाऱ्याकडे हनुवटी केली. ‘बघितलं, की देवाफुडं बसलेल्या मानसाला कोनी हाक मारीत नाय. जेवाया नाय बोलवत, सही कर म्हनत नाय, रडू नको म्हनत नाय. तोंड हाललं तं म्हनतात जप चाललाय. मी त्याला रोज शिव्या घालते, बाय. म्हशीपास्नं सुरू करते.’

अनुया तिथेच भिंतीला टेकून बसली. काय वाटलं ते तिला पटकन कळेना. हसू येत होतं. म्हणजे खिडकी नाही, वारा नाही, गाभारा नाही. कुठलाही देव्हारा चालला असता. एखादा पत्र्याचा डबा ठेवून त्यात गणपती बसवला असता तरी चाललं असतं. जे तिनं केलं होतं ते तिथे मुळात अडचणच होतं, उंदरांची वाट. तिनं तरीही, अगदी लहान मुलासारखं, विचारलं की मागे मोकळं होतं तेव्हा जरा बरं वाटायचं का? कौसाबाईनं विचार केला. तिनं खरोखर विचार केला, हे दिसत होतं. मग ती नाही म्हणाली. मागे किर्तीची शिलाई मशीन होती, तीच दिसायची.

तेवढ्यात बाहेर सुजितचा आवाज आला आणि अनुयाचा फोन वाजायला लागला. पडद्यावर ठाकूरदासजींचं नाव होतं. तिनं आवाज बंद केला. तो पुन्हा थरथरला. कौसाबाईनं फोनकडे बघितलं, अनुयाकडे बघितलं, आणि गुडघ्यांवर हात टेकून उठली. पाट पायानं तिच्याकडे सरकवला. म्हणाली, ‘बस घटकाभर. मी हाय दारात.’

तिला उठून जाता आलं असतं. माप अर्धं झालं होतं, उरलेलं अंदाजानं लावता आलं असतं. पण ती पाटावर बसली. निळा दिवा डोळ्यांत जात होता. आरशात ॐच्या खाली तिचंच कपाळ दिसत होतं. सुरुवातीला काहीच आलं नाही. मग अगदी क्षुल्लक काहीतरी आलं. ठाकूरदासजी तिच्या डब्यातलं लोणचं न विचारता घेतात. तिनं ते पुटपुटून बघितलं. मग जगह हो गई आलं. मग निळा दिवा. मग रोज सकाळी मागण्यात मोठ्यानं घेतलेलं आपलं नाव, ते कुणी सांगितलं होतं घ्यायला? आणि ते फडकं. ते टेबल तुम्ही पुसलंत, ठाकूरदासजी, एकदा पुसलंत, आणि मी तुमचं दुकान जन्मभर पुसत राहिले. मला कुत्रंसुद्धा विचारणार नाही म्हणालात. मला नाही, त्याला, पण मलाच. ओठ आता आपोआप हलत होते. त्यात आईवर आलं, बारवीकडे जोडलेल्या तिच्या हातांवर आलं, वडील एवढे घाईनं का गेले ह्यावर आलं, स्वतःवर तर फारच आलं. तिला वाटलं होतं की राग थोडा उपसला की तळाशी दुसरं काही लागेल, काहीतरी शांत, ओलसर. तसं काही लागलं नाही. आणखी राग लागला. पण कुणी हाक मारली नाही. स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला होता तो मध्येच थांबला आणि किर्ती कुणाला तरी दबक्या आवाजात ‘शूः’ म्हणाली.

ती बाहेर आली तेव्हा चहाच्या कपावर साय धरली होती. सुजित हात जोडून उभा होता. त्याचे डोळे पुन्हा भरले होते. कौसाबाई दाराशी तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली नाही. मुलापुढे ती पुन्हा मुकी झाली होती.

चामटोलीच्या नाक्यावर रिक्षाची वाट बघत उभी असताना तिनं फोन उघडला. सुजितनं दाराच्या फटीतून तिचा फोटो काढून बुधवारच्या सभेच्या ग्रुपवर टाकला होता. पाठमोरी ती, पुढे तिचा देव्हारा, निळ्या उजेडात वाकलेली मान. खाली त्यानं लिहिलं होतं, घडवणाराही जिथे नतमस्तक होतो. त्याच्याखाली जोडलेल्या हातांची रांगच रांग होती, संपता संपत नव्हती. फोटो चांगला आला होता, हे तिच्या डोळ्यानं आधी टिपलं आणि मग तिला त्याचाही संताप आला. आतापर्यंत निदान राग तरी तिचा स्वतःचा होता. तोही आता विक्रीला लागला होता.

फोन वाजला. ठाकूरदासजींच्या आवाजामागे कारखान्याचं मशीन करकरत होतं, त्यामुळे ते ओरडून बोलत होते. बिल्डर खूश आहे. आईचा फोटो नको म्हणतोय, हाच हवा, तुझाच, बनानेवाली खुद पूजा में. बोर्डावर लावणार, हायवेला. ते म्हणाले की फोटो पाहून त्यांना स्वतःला रडू आलं. इतकी वर्षं मला वाटायचं ही मुलगी मानत नाही, तोंडावर बोललो नाही कधी.

‘फोटो द्यायचा नाही,’ अनुया म्हणाली.

त्यांना ऐकू गेलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं. मग त्यांनी ‘का?’ असं विचारलं, आणि तिच्या डोळ्यांपुढे सवयीनं तो पुसणारा हात आला, फडकं आलं, भुसा आला. ते तसेच राहिले. ती त्यांच्यासकट बोलली.

‘तो पूजेचा फोटो नाहीये, ठाकूरदासजी. मी तिथे बसून तुमच्याशी भांडत होते.’

‘मुझसे?’

‘हो.’

‘वहाँ बैठ के?’

‘इतकी वर्षं दुसरी जागाच मिळाली नाही.’

पलीकडे मशीन होतं, लाकडात दात रोवून फिरणारं. तिला वाटलं आता ते म्हणतील, मैंने कभी गिनाया क्या. समोरून एक रिक्षा आली, थांबली, रिक्षावाल्यानं बदलापूर का म्हणून मान हलवली. तिनं त्याला हातानं थांब म्हटलं.

‘रुक,’ ठाकूरदासजी म्हणाले. त्यांचा आवाज दुखावलेला होता, म्हाताराही होता. ‘ऐसे सुनाई नहीं देगा.’ मग ते फोन तोंडापासून लांब धरून कुणावर तरी ओरडले, आणि ते मशीन आवाज उतरवत, उतरवत बंद पडलं. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. ‘हाँ,’ ते म्हणाले. ‘अब बोल.’